शिक्क्याखालच्या ओळी

बसवंत आप्पाचा गावात मान होता, आणि तो कशाच्या जोरावर होता हे फक्त आप्पालाच नीट ठाऊक होतं.

गाव खानापूरच्या पुढं, लोंढ्याच्या रस्त्याला. सव्वाशे घरं. जुनी माणसं सगळी मराठी शाळेत शिकलेली, आणि दारात येणारा सरकारी कागद मात्र एकूण एक कन्नडमधला. बोलायला कन्नड सगळ्यांनाच येतं. कंडक्टरशी भांडायला आणि बाजारात वांग्यांची घासाघीस करायला ते कुणाला कमी पडत नाही. पण कागदाशी भांडता येत नाही, तो वाचावाच लागतो. पोरं शाळेत कन्नड शिकतात, पण शिकली की गोव्याला नाहीतर पुण्याला जातात. मागं उरायचा आप्पा. खानापूरच्या कचेरीत एकतीस वर्षं शिपाई म्हणून काढलेला, एका साहेबाच्या टेबलावरचा कागद उचलून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवत निवृत्त झालेला माणूस.

सकाळी साडेसातपासून नऊपर्यंत तो घरापुढच्या कट्ट्यावर बसायचा आणि माणसं कागद घेऊन यायची. त्याची वाचायची एक रीत होती. कागद आधी उजेडाकडं धरायचा. मग चष्मा पुसायचा. मग शिक्का बघायचा आणि "हं" म्हणायचं. त्या "हं"वर समोरच्याचा जीव टांगलेला असायचा. मग कागदाची घडी होती तशी घालून आप्पा दोन वाक्यांत निकाल द्यायचा. "घरपट्टीचं हाय, भरून टाक." "मोजणीवाला येणार हाय, त्या दिवशी गावाला जाऊ नको." पैसा त्यानं कधी घेतला नाही. पण वर्षाचा पहिला कापा फणस कुणाच्या घरनं आला, लग्नात पुढच्या रांगेत कुणी बसवलं आणि कुणी नुसतं "बरं हाय न्हवं" म्हणत पुढं गेलं, हे सगळं त्याच्या डोक्यात तारीखवार होतं.

भिंतीला भिंत लागून शेजारी चुलतभावाचं घर. तिथली सून मनिषा, निपाणीकडची. नवरा लोंढ्याला रेल्वेत, आणि ती स्वतः रोज बेळगावला जायची, शहापुरातल्या एका साड्यांच्या दुकानात. विणकरांकडनं आलेल्या साड्यांचे फोटो काढायचे, ते ऑनलाइन चढवायचे, ऑर्डरी बघायच्या, असलं काम. एका शनिवारी ती तिथल्या खडेबाजारातनं पाटीएवढी काळी चपटी वस्तू घेऊन आली.

"काय आणलंय गं तिनं?" आप्पानं बायकोला विचारलं.

"टॅबलेट म्हणं," चंद्राबाई म्हणाली. "बसमधी गोष्टीची पुस्तकं वाचती त्यावर. अक्षरं बोटाएवढी करून. मला बी दाखवलीन."

"तू कशाला गेलतीस?"

"भिंतीपलीकडं ऱ्हाती ती. बगायला पासपोर्ट लागत न्हाय."

पहिले काही दिवस आप्पानं ते चालू दिलं. मनिषानं त्यावर वरच्या आळीतल्या भरमूच्या जावयाची गाडी दोन तास उशिरा आहे हे घरबसल्या सांगितलं आणि भरमूची लोंढा स्टेशनावरची ताटकळ वाचली. गल्लीतल्या बायकांना तिनं त्यावर गोकर्णाचा समुद्र दाखवला, जाताना गाडी कुठं बदलायची तेही दाखवलं. आप्पा म्हणाला, दाखवू दे. रेल्वे आणि समुद्र ही काही त्याची खाती नव्हती.

मग एका रविवारी भरमू कट्ट्यासमोरनं गेला. कागद त्यानं शर्टाखाली पोटाशी धरला होता, आणि लपवलेल्या कागदाइतकं ठळक दुसरं काही दिसत नाही. आप्पानं पेपर वाचतोय असं दाखवलं आणि कान भिंतीकडं दिला. थोड्या वेळानं पलीकडनं एका बाईचा सपाट, गुळगुळीत आवाज आला. मराठीत. माननीय ग्राहक, आपल्या मीटरची तपासणी अमुक तारखेला होणार असून. त्या बाईनं खाकरलं नाही, चष्मा पुसला नाही, "हं" म्हटलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. शेवटी तर कागद कुठल्या छापखान्यात छापला तेही तिनं वाचलं.

"छापखाना बी सांगतंय गा," भरमू कौतुकानं म्हणाला. "आप्पानं कवा सांगितला न्हवता."

ते वाक्य आप्पाच्या घशात माशाच्या काट्यासारखं बसलं.

महिन्याभरात सात घरं भिंतीपलीकडं गेली. खालच्या आळीतली दोन, देवळाजवळची तीन, भरमू, आणि सातवा खुद्द चंद्राबाईचा भाऊ. आप्पा कट्ट्यावर बसून मोजायचा. कोण मान वर करून गेलं, कोण खाली घालून. मान खाली घालून जाणाऱ्यांचा त्याला कमी राग यायचा. त्यांना निदान लाज होती.

"तुमचं हापीस आता दुपारी बंद ठेवलं तरी चालंल," चंद्राबाई म्हणाली.

"सकाळीच असतंय ते."

"मग सकाळी बी चालंल."

नुसतं वाईट वाटत असतं तर आप्पानं ते गिळलं असतं. पण त्याला भीतीही वाटत होती, आणि ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. आप्पा मराठी चौथी पास होऊन कचेरीत लागला होता. कन्नड अक्षरं त्यानं साहेबांच्या दारावरच्या पाट्या बघून जमवली, पण ती पाट्यांपुरतीच राहिली. कागद त्याला कळायचे ते चेहऱ्यावरनं. पिवळा असला तर वाटणीचा. गुलाबी असला तर वसुलीचा. तांबडा आडवा शिक्का म्हणजे शेवटची ताकीद, गोल निळा म्हणजे विधवा-म्हाताऱ्यांचा सरकारी पगार, दोन सह्या म्हणजे मोजणी. वरची ओळ तो वाचायचा, माणसाचं नाव वाचायचा, आणि शिक्क्याखाली जे काही असायचं ते अनुभवानं सांगायचा. तीस वर्षं कागदांचे चेहरे बदलले नाहीत, तोवर आप्पा चुकला नाही. पण अलीकडं सगळंच पांढऱ्या कागदावर येऊ लागलं होतं. रंग गेले, उरले नुसते शिक्के. आता आप्पा अंदाजानं सांगायचा. अंदाज आजवर बरे निघाले होते, आणि भिंतीपलीकडं एक बाई शिक्क्याखालची प्रत्येक ओळ वाचत होती.

एकदा न राहवून तो पलीकडं गेलाच. कोयता मागायचं निमित्त होतं. मनिषा पडवीत टॅबलेट मांडीवर घेऊन बसली होती.

"ह्याला कन्नड येतंय व्हय गं?"

"येतंय म्हणजे, आपण फोटो काढायचा आप्पा. मग त्याचं त्योच मराठी करतंय आणि वाचून दाखवतंय."

"चुका करत आसंल."

"करतंय की. माणसं करत्यात तशाच."

ती सरळ मनानं म्हणाली होती. आप्पानं ते वाकडं करून घरी नेलं, आणि कोयता न्यायचा विसरला.

दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरची पेटी काढली. त्यात बांधाच्या भांडणाचा एक कागद होता, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा, हातानं लिहिलेला. ज्या कारकुनानं तो लिहिला त्याचं अक्षर असं होतं की दुपारनंतर ते त्याचं त्यालाही लागत नसे. आप्पानं भरमूला हाक मारली. "ह्यो एवढा कागद जरा तिकडं दाखव. माझा चष्मा सध्या बरोबर न्हाय."

भरमू गेला. मागोमाग चार माणसं गेली. आप्पा कट्ट्यावर भिंतीकडं कान लावून बसला. मनिषानं दोनदा फोटो काढला, तिसऱ्यांदा उजेडात काढला, आणि ती गुळगुळीत बाई पहिल्यासारखीच गंभीरपणानं म्हणाली, "म्हशीच्या मेहुण्याने उत्तरेकडील दगडाशी लग्न करावे."

हसणं भिंत ओलांडून आलं. आप्पाला वाटलं, कुणीतरी आपल्या पाठीवर गार तेल चोळतंय. पुढच्या दोन सकाळी कट्टा भरलेला होता. सातातली चार घरं परत आली, आणि त्यातला चंद्राबाईचा भाऊ तर भाजलेल्या काजूची पिशवी घेऊन आला.

पण चंद्राबाईनं त्यातही खडा टाकला. "मनिषा स्वताच सांगतीया समद्यास्नी. हातानं लिवलेलं ह्याला जमत न्हाय, ते आप्पांकडं न्या. छापील तेवढं माझ्याकडं आणा."

"ती कोण वाटणी करून देणार?"

"मग भांडा जाऊन. तुमाला जास्त दिलं म्हणून."

त्याच आठवड्यात मंगळवारी नागुबाई आली. चौऱ्याहत्तरची म्हातारी, देवळामागं एकटी राहायची. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. महिन्याचा सरकारी पगार आणि सहा कोंबड्या यांवर तिचं घर चालायचं, आणि कोंबड्यांचा भरवसा नव्हता. तिनं पाकीट पुढं केलं. आप्पानं कागद उजेडाकडं धरला, चष्मा पुसला. गोल निळा शिक्का.

"हं. दरवर्षीचंच हाय नागुआक्का. तू जिती हाईस म्हणून अंगठा द्यायचा. नागपंचमी झाली की जाऊन ये, घाई न्हाय."

"तू म्हणतोस तर तसं," नागुबाई म्हणाली आणि पाकीट कमरेला खोचून गेली.

बुधवारी संध्याकाळी सहाच्या गाडीनं मनिषा उतरली तेव्हा नागुबाई वाटेतच बसली होती. तिला काही शंका नव्हती. म्हशीच्या मेहुण्याची गंमत तिची चुकली होती, ती तिला बघायची होती. "माझा बी कागद घाल की गं त्यात. बगू कुणाचं लगीन लावतंय."

मनिषानं आप्पा बसला होता त्या कट्ट्याजवळच उभं राहून फोटो काढला. भरमू आणि आणखी तिघं-चौघं जमली. बाई बोलू लागली. लाभार्थीने पंचवीस जूनपर्यंत स्वतः हजर राहून हयात असल्याची खात्री द्यावी, ही अंतिम तारीख असून त्यानंतर निवृत्तिवेतन थांबविण्यात येईल.

आज चोवीस होती.

कुणी हसलं नाही. मनिषा टॅबलेट घेऊन आप्पाच्या पुढं आली. आवाज तिनं मुद्दाम खाली ठेवला. "आप्पा, ह्यात उद्याचीच तारीख दाखवतंय. तुमी जरा बगा न्हवं."

"परवा म्हशीच्या मेव्हण्याला दगडासंगं नांदवलंय त्यानं," भरमू म्हणाला, आणि आता मात्र सगळी हसली.

"बगायचं काय त्यात?" नागुबाई म्हणाली. "बसवंता पंचमी म्हणला, म्हणजे पंचमी. माझा दाल्ला गेला तवापास्नं माझं कागद ह्योच वाचतोय. काल आलेल्या काचंच्या तुकड्यावर मी माझा पगार टांगू व्हय? आणि तू गं, त्या दिवशी एवढं हसं झालं तरी पुन्यांदा लोकांम्होरं आणलंस? जरा तर वाटू दे काय तरी."

मनिषाचा चेहरा उतरला. तिनं टॅबलेटचं कव्हर मिटलं.

महिनाभर आप्पा ज्यासाठी आतल्या आत जळत होता ते त्याच्या पुढ्यात आलं होतं. चारचौघांत, स्वतः न मागता. मनिषा खाली मान घालून उभी, भरमू त्याच्या बाजूनं, आणि गावातली सगळ्यात जुनी बाई त्याची साक्षीदार. आता फक्त "मशीन चुकतंय" एवढं म्हणायचं होतं. पगार थांबला असता तर कचेरीला शिव्या देता आल्या असत्या. कचेरीला शिव्या दिल्या तर कुणी खरंखोटं करत नाही.

"आण बगू कागद," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं शिक्क्याखाली पाहिलं. अक्षरं मुंग्यांसारखी होती. पण तिसऱ्या ओळीत आकडे होते, आणि आकडे काही कन्नड नव्हते. पंचवीस. त्याच्यापुढं सहा. शेजारी एक शब्द होता, "कोनेय", म्हणजे शेवटचा. रात्रीच्या शेवटच्या गाडीच्या पाटीवर तो असायचा, म्हणून आप्पाला येत होता. मंगळवारीही तो तिथंच होता, बोटाच्या एका पेराइतका खाली.

कागदाची घडी घालायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आप्पानं दोन्ही बाजू तोलल्या. मग घडी एकदा मोडून पुन्हा घातली, म्हणजे थोडा जास्तच वेळ घेतला.

"मला उद्या खानापूरला काम हाय," तो शेवटी म्हणाला. "नागुआक्का, तू बी चल संगं. इचारून घेऊ, म्हणजे भानगड न्हाय. आधार कार्ड आणि पासबुक घे."

"काय काम हाय तुमचं?" चंद्राबाईनं दारातनं विचारलं. आप्पानं कागद नागुबाईच्या हातात दिला.

"सातची गाडी हाय आप्पा," मनिषा म्हणाली. "साडेसातची बंद झालीया."

हेही तिलाच आधी माहीत.

सकाळी तिघंही एकाच गाडीत चढली. कर्नाटकात सरकारी गाडीत बायकांना तिकीट नाही, तेव्हा आप्पानं तेवढं आपलंच काढलं, आणि त्यातही त्याला काहीतरी लागलं. मनिषा दोन बाकं पुढं बसली. गाडी खड्ड्यांतनं उसळत होती आणि ती टॅबलेटवर वाचत होती. एका जागी थांबून ती आपल्याशीच हसली. आप्पाच्या मनाला ते फार लागलं. एकतीस वर्षं तो कागदांत वावरला, पण वाचताना कुणी हसलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. असं काय लिहिलेलं असतं, हे तिला विचारावं असं त्याला वाटलं, आणि वाटलं म्हणून त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

कचेरीत साठ-सत्तर म्हाताऱ्यांची रांग होती. नागुबाईचा अंगठा मशीननं तीनदा नाकारला, चौथ्यांदा घेतला. खिडकीतली मुलगी कन्नडमध्ये म्हणाली, "आजच शेवटचा दिवस, अज्जी. कागद वाचून वेळेवर आलात."

"ह्येनी वाचला," नागुबाईनं आप्पाकडं बोट केलं. मुलीनं आप्पाकडं बघून मान डोलावली. कचेरीतल्या माणसानं आपल्याला मान देणं हे आप्पाला जेवणापेक्षा प्यारं होतं. आज त्यानं मान हलवूनच ते नाकारलं, आणि बाहेर येऊन उभा राहिला.

बसस्टँडवर नागुबाईनं मिरचीभजी घेतली, आणि दोघं बाकावर बसली.

"मशीन बरोबर निघालं म्हणायचं," ती म्हणाली.

"व्हय."

"आणि तू चुकलास. वय झालं तुजं बी. होतंय."

ती वाट त्यानं नुसती धरली असती तरी चाललं असतं. वयाच्या नावावर बरंच काही खपतं. पण मनिषाच्या मिटलेल्या कव्हराचा आवाज कालपासून त्याच्या कानात राहिला होता.

"चुकलो न्हाय," आप्पा म्हणाला. "मी वाचलंच न्हवतं. मी शिक्का बगतो नागुआक्का. खालचं मला वाचायला येत न्हाय."

नागुबाईनं भजी चावायची थांबवली. "कवापास्नं?"

"पयल्यापास्नं."

"मग माझ्या दाल्ल्याच्या वाटणीचा कागद?"

"त्यो पिवळा होता. ते बरोबर सांगितलेलं."

"आणि पिवळा नसता तर?"

आप्पा समोरच्या गाडीची पाटी बघत बसला. ती त्याला वाचता येत होती.

नागुबाईनं उरलेली भजी कागदात गुंडाळली. त्याला एक दिलं नाही. "काल तुज्यापायी मी त्या पोरीला समद्यांम्होरं बोललो बसवंता. आता हे मी पोटात ठेवणार न्हाय. गावात सांगणार."

तिनं आपली कीव करावी अशी आप्पाची थोडी अपेक्षा होती. ती चुकीची निघाली. "सांग," तो म्हणाला.

तिनं सांगितलं. गाडीतनं उतरल्या उतरल्या, कट्ट्यासमोर, आवाज न उतरवता, आणि आधी मनिषाची सासू कुठं आहे ते बघून, तिला ऐकू जाईल असं. आप्पाला वाटलं होतं, गाव चिडेल. गाव हसलं. भरमूला तर हसून ठसका लागला. "एकतीस वर्सं निसत्या शिक्क्यावर काढलास व्हय आप्पा? तुजीच शिकवणी लावायला पायजे." चिडले असते तर बरं झालं असतं, चिडलेला माणूस निदान आपल्याला मोजतो. आठवड्यात कट्टा रिकामा झाला. आप्पा जाताना लोक अजून उभे राहायचे, पण आता उठताना त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी असायचं.

"आता सकाळचं पाणी तुमी भरा," चंद्राबाई म्हणाली. "साडेसात ते नऊ."

तो भरू लागला.

जुलैच्या पहिल्या सोमवारी त्याच्याच नावानं कागद आला. पांढरा. उजेडाकडं धरला, मागं-पुढं करून पाहिला. त्यावर शिक्काच नव्हता. दोन दिवस त्यानं तो उशाखाली ठेवला. मग बुधवारी सहाची गाडी येऊन गेल्यावर सदरा बदलून तो भिंतीच्या पलीकडं गेला.

पडवीत भरमू आधीच बसला होता. मनिषा त्याचा कागद वाचून दाखवत होती. टॅबलेटमधल्या बाईचं झालं तरी भरमूला काही कळलं नव्हतं, म्हणून आता ती स्वतः पुन्हा सोपं करून सांगत होती. आप्पा कडेला टेकला. एवढासा कागद, आणि ह्या भरमूला दोन-दोनदा? बाईकडनं एकदा आणि हिच्याकडनं एकदा? आपल्याला ही किती वेळ देते ते बघायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

मनिषाचं लक्ष गेलं. तिनं चटकन स्टूल ओढलं. "आप्पा, या की म्होरं. भरमूमामा थांबतील, तुमचं आधी बगतो."

"आसू दे गं," आप्पा म्हणाला. "लायनीत हाय मी."

आणि मग कागद खिशातनं काढायच्या आधी, ती आपल्याला आधी घेत होती हे भरमूनं नीट ऐकलं की नाही, ते त्यानं बघून घेतलं.